मागच्या सीटजवळची जाळी

मंगळवारी गाडी टो करून कळंबोलीला नेली... विकायची तर भाव काय येतो ते बघायला. अकरा वर्षांची हायब्रिड, गेले चार महिने दारात ताडपत्रीखाली उभी होती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आधीच हात वर केले होते. मोठी बॅटरी गेली आहे, नवी टाकण्यापेक्षा दुसरी गाडी घ्या म्हणाले. दादाचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ही गाडी दारात नको.

कारण सांगते. आईची केमो खारघरला चालू होती आणि आमचं गाव पळस्प्याच्या पलीकडे, गोवा रोडला. दर पंधरा दिवसांनी हीच गाडी, मागच्या सीटवर आई आडवी. कधी मी चालवायचे, कधी दादा.

शेवटच्या दिवशी सकाळपासून तिला दम लागत होता. दादा म्हणाला, ॲम्ब्युलन्स बोलवू. मी म्हटलं, गाडी आहे ना दारात... ती यायची वाट बघेपर्यंत आपण पोचू पण.

पळस्प्याच्या पुलाखाली गाडी बंद पडली. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले आणि गाडी ढिम्म हलेना. आजूबाजूला न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर एकाला एक चिकटलेले... ॲम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. आई त्याच संध्याकाळी गेली.

चाळीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच सांगत होतो. गाडीने ऐन वेळी दगा दिला. दादा सांगायचा, मी सांगायचे. लोक ताडपत्रीकडे बघून मान हलवायचे.

तर मंगळवारी. कळंबोलीचा मेकॅनिक इम्तियाजभाई फक्त हायब्रिडचंच काम करतो. म्हणाला, भावाचं नंतर बोलू, आधी उघडून बघतो. त्याने मागची सीट काढली.

सीटच्या कडेला एक छोटी जाळी असते. तिथून बॅटरीचा पंखा गाडीतली गार हवा ओढतो, म्हणजे बॅटरी तापत नाही. अकरा वर्षं ही गाडी चालवून मला हे माहीत नव्हतं. मॅन्युअल अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तसंच आहे.

"ताई, ही बॅटरी म्हातारी होऊन मेली नाही. गुदमरली ही," तो म्हणाला. मग पंख्यात बोटं घालत त्याने विचारलं, "मागे कुत्रा बसवता का? कुत्रेवाल्यांच्या गाडीत असंच निघतं."

त्याने जे ओढून काढलं ते लांब होतं. अर्धं काळं, अर्धं पांढरं, धुळीने माखलेलं, आणि अजून तेलकट... आईचे केस.

केमोच्या आधी सगळ्यांनी सांगूनही तिने केस कापू दिले नव्हते. "गलतील तवा गलतील. मी नाय कापाची." आणि ते गळत होते, उशीवर, गोधडीवर, माझ्या ओढणीवर. बाकीचे कुठे गेले हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

उशी मी लावायचे. तिचं डोकं बरोबर त्याच कडेला, उशी जाळीवर नीट दाबून, म्हणजे वळणावर घसरायला नको. एकदा ती म्हणालीसुद्धा होती, "बाय, इकरं कायतरी घुरघुरतंय गो." मी म्हटलं, एसी आहे, झोप तू.

कुत्रा नाही, एवढंच मी इम्तियाजभाईला सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं. त्याने ते सगळं गोळा केलं, पेपरात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

घरी येऊन पुडी दादासमोर ठेवली आणि सांगून टाकलं. जाळी, उशी, ते घुरघुरणं, आणि ॲम्ब्युलन्स नको म्हणणारी मी. वाटलं, आता ओरडेल. खरं तर त्याने ओरडावं म्हणूनच सांगत होते.

त्याने पुडी उचलून हातात घेतली. मग म्हणाला, "डॅशबोर्डवर लाल तिरकोन आधी दोनदा आलता. मी बंद करून परत चालू केली, तवा गेला. तुला नाय सांगितला."

सांगितलं असतं तर गाडी सर्व्हिसिंगला गेली असती, आणि आईला केमोला रिक्षातून धक्के खात न्यावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. मीही तेच केलं असतं.

तो उठून ओटीवर जाऊन बसला. मी भांडी घासली. पुडी अजून फ्रिजवर आहे, तिचं काय करायचं ते आम्हाला ठरवता आलेलं नाही.

इम्तियाजभाई म्हणतो, खराब सेल बदलून, पंखा साफ करून गाडी वर्ष-दीड वर्ष चालेल, त्यापुढची गॅरंटी नाही. नवी घेणं शहाणपणाचं, हे आम्हालाही कळतं. दादा काल रात्री जेवता जेवता फक्त एवढंच म्हणाला, "चालू कर तिला."

हे दादाला विचारूनच लिहितेय. तुमच्याकडे हायब्रिड असेल तर मागची जाळी बघून घ्या. आजारी माणूस नेत असाल तर नक्की बघा.

चार महिने मी आणि दादा एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, एकमेकांना एक वाकडा शब्द बोललो नाही. कारण दोष ठेवायला ती गाडी होती. आम्हा दोघांचा दोष तिने ताडपत्रीखाली एकटीने वाहिला... आता तिला भंगारात घालायला आमचा हात धजत नाही.