चौकशीकाका आणि पुलावरचा राक्षस

चौकशीकाकांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले असतील, तर त्याने पुढे यावं; मी त्याला कशेळीपासून भिवंडीपर्यंत खांद्यावर बसवून आणीन, तेही भर ट्रॅफिकमधून. एकतीस वर्षं काका एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसले. लोक दाखल्याचं विचारायला यायचे आणि जाताना दाढदुखीचं औषधही लिहून घ्यायचे. एक गृहस्थ सातबाराची चौकशी करायला आला आणि मुलीसाठी स्थळ घेऊन गेला. त्या मुलीला आता दोन मुलं आहेत. उतारा अजून मिळालेला नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस एका सकाळी, बरोबर अकराच्या ठोक्याला, डबा घेऊन आमच्या गेमिंग कॅफेत हजर झाला. कॅफे इरफानचा, यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर. खाली लूम सुरू झाले की वर कीबोर्ड टेबलावरून आपापले चालू लागायचे. माझा एक माउस असाच जिन्यापर्यंत गेला होता. गोदामातली माझी ड्युटी संध्याकाळची, म्हणून दिवसा मी तिथे मरायला जायचो.

मरायला म्हणजे अक्षरशः. तो गेम तसलाच होता. आपण एक पात्र व्हायचं आणि परक्या जगात नाव कमवायचं, एवढंच सांगतात; मग डोळे उघडतात ते समुद्रकिनारी, ओल्या कपड्यांत, हातात काठी. जायचं कुठे, कुठलं बटण कशाचं, कुणी बोलत नाही. मी तीन आठवडे उघड्या अंगाने फिरलो. चिलखत पिशवीत पडलेलं होतं. ते घालावं लागतं हे मला कोण सांगणार? शेजारच्या खुर्चीवरच्या खारबावच्या दिन्याला ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाला, "आमाला कोनी सांगितला व्हता? आमी मेलो, तू पन मर."

मरायची जागाही ठरलेली होती. किनाऱ्यावरचं गाव संपलं की एक पूल, आणि पुलावर पाण्याच्या टाकीएवढा राक्षस, हातात गदा. जवळ गेलं की चार सेकंदांत खेळ खलास, पुन्हा ओले कपडे, पुन्हा काठी. माझी एकशे तेरा मरणं झाली होती. दिन्याने मोजायचं सोडलं होतं.

"काका, आपको इधर क्या काम?" इरफानने विचारलं.

"पुलापलीकडे जायचंय," काका म्हणाले, आणि खुर्ची रुमालाने पुसून बसले.

काम असं होतं: काकांची नात सई बंगळुरात नोकरीला. फोन केला की "बरी आहे, जेवले, ठेवते," एवढ्यात संपायचा. मात्र तिची ड्युटी रात्रीची, त्यामुळे दुपारी ती हा गेम खेळायची. ती केव्हाच पुलापलीकडे पोचलेली, आणि वरच्या पायरीच्या खेळाडूला अलीकडे परत येता येत नाही, असा त्या गेमचा कायदा. काकांनी विचारलं, "मी आलो तर बोलशील?" ती म्हणाली, "आजोबा, पूल ओलांडा, मग रोज दुपारी दोघं मिळून फिरू." कसा ओलांडायचा, यावर उत्तर आलं, "खेळत खेळत कळेल." महिनाअखेरीला सईची ड्युटी बदलणार होती, मग दुपार संपली. काकांच्या हातात उरले होते अकरा दिवस.

पहिल्याच दिवशी काकांनी आमच्या अब्रूचे धिंडवडे काढले. आम्ही गावातल्या पात्रांचं बोलणं बटण दाबून उडवून लावायचो. काका एकेकाला तीन-तीनदा विचारायचे. "पहिल्यांदा माणूस टाळतो, दुसऱ्यांदा वैतागतो, तिसऱ्यांदा खरं सांगतो." मासे विकणाऱ्या एका म्हातारीने तिसऱ्या खेपेला त्यांना जोडे काढून दिले. तिच्यासमोरून मी दोनशे वेळा अनवाणी गेलो होतो.

काकांना एखादी गोष्ट कळली की ती अख्ख्या माळ्याला कळायची. नवीन कुणी बसला की काका मान वळवून म्हणायचे, "आधी पिशवी उघडा. कोट घाला. घाबरू नका." दिन्या कुरकुरला, "काका, सगला सांगितलाव तं मजा काय रायली?"

"तुझी मजा तू जप," काका म्हणाले. "त्याचा हेलपाटा वाचू दे."

राहिला राक्षस. दहा दिवस काका पुलाजवळ फिरकलेच नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी आपलं पात्र गदेच्या टप्प्याबाहेर एका झाडाखाली उभं केलं आणि हाताची घडी घालून बसले.

"काका, उसको देखने का नहीं, मारने का," इरफान म्हणाला.

"मी भांडायला आलो नाही, कामाला आलोय. पहाऱ्यावर माणूस किती?"

"एकच."

"बदलीवाला दिसतो का?"

आम्ही शोधलं. नव्हता.

"मग तो जेवायला गेला की जागा रिकामी."

दिन्या एवढा हसला की खालचे दोन लूम बंद पडले. "राक्षस कदी डबा खातो काय?"

पण त्या राक्षसासमोर चार सेकंदांहून जास्त कुणी टिकलंच नव्हतं, तर त्याचं वेळापत्रक कळणार कुणाला? काका तास-दीड तास हलले नाहीत. गेममधला सूर्य डोक्यावर आला. राक्षसाने जांभई दिली. गदा कठड्याला टेकवली, साहेब बघत नाही ना म्हणून डावी-उजवीकडे पाहिलं, आणि पुलाखाली उतरून बोकडाची तंगडी चघळत बसला.

"चला," काका म्हणाले. "पळू नका. हातात फाइल आहे असं चालायचं."

आमची नऊ पात्रं काकांच्या मागे ओळीने पूल ओलांडून गेली. इरफान रडला. तो आजही म्हणतो, डोळ्यात कापसाची धूळ गेली.

पलीकडे सई उभी होती, नखशिखांत सोन्याच्या चिलखतात. समोर म्हातारीचे जोडे घातलेले आजोबा. तिने वाकायचं बटण दाबून नमस्कार केला. काका गडबडले. "अरे, आशीर्वादाचं बटण कुठलं?" या माळ्यावर पहिल्यांदाच काकांची चौकशी फुकट गेली; आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी अंदाजाने एक दाबलं, तर त्यांच्या पात्राने पिशवीतला कोबी काढून सईच्या डोक्यात मारला. तिने तो आशीर्वाद म्हणूनच घेतला. मग दोघं संध्याकाळपर्यंत डोंगरावर हिंडत होती आणि काका हेडफोनवर तिला विचारत होते, "रात्रीची झोप कुठे भरून काढतेस? खरं सांग." तिसऱ्या खेपेला तिने खरं सांगितलं असावं, कारण महिनाभरात काका बंगळुरास राहायला गेले. डब्यासकट.

त्यांची खुर्ची अजून आहे. नवीन कुणी आला की दिन्याच ओरडतो, "आदी पिशवी उगड, कोट घाल." मात्र मागच्या महिन्यात गेमवाल्यांनी घात केला: सगळ्यांना पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकलं आणि पुलावर दुसरा राक्षस ठेवला. एक जेवायला गेला की दुसरा उभा. चौदा मरणांनंतर मी बंगळुराला फोन लावला.

"काका, बदलीवाला आला. आता काय?"

मला वाटलं, आता 'माहीत नाही' हे दोन शब्द कानावर पडतात.

"दोघं झाले म्हणतोस?" ते म्हणाले. "मग सोपं झालं. दोन माणसं एका टेबलाला लागली की गप्पा मारत बसतात. दोघं पहाऱ्यावर असतील तेव्हा मागून जा."

गेलो. दोघांची तोंडं नदीकडे होती.