ताण न दिलेलं झाड

गुणवंताचा बाप सांगायचा, आपली राजधानी नागपूर होती. गुणवंता शाळेत गेला तोवर ती भोपाळ झालेली. सारी हयात त्यानं पत्त्यात जिल्हा छिंदवाडा लिहिला, आणि साठी उलटल्यावर कोणीतरी येऊन सांगितलं, आता लिहा जिल्हा पांढुर्णा. घ्या! राजधानी बदलली, जिल्हा बदलला, घर काही तसूभर हललं नाही. पाण्याचं तर नावच काढू नका. विहीर चाळीस हातांवर आटली, आता बोर सहाशे फुटांवर धापा टाकते.

अशा जमिनीत बापानं जन्मभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरली. संत्रा लावला तो गुणवंतानं. तीनशे झाडं, एकेक हातानं लावलेलं.

या संत्र्याचा न्याय मोठा उलटा. त्याला चांगलं खाऊपिऊ घालून फुलवायला जाल, तर तो नुसता पाला वाढवतो. पौषात त्याचं पाणी तोडायचं, पानं माना टाकेपर्यंत तहानलेलं ठेवायचं, आणि मग एकदम पाजायचं. याला म्हणतात ताण देणं. मग माघात झाड असं फुलतं, की रस्त्यानं जाणारा माणूसही दोन घटका थांबतो.

हे गुणवंताला कळत होतं. उषाला कळत नव्हतं, किंवा कळूनही पटत नव्हतं.

उषा रामाकोन्याची. कन्हान नदीकाठची पोर, पाणी मोजून वापरायचं असतं हे तिला सासरी येऊन कळलं. गुणवंता तिला पाहायला अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं गेला होता. ती गाडी इतकी सुस्त, की चढावर पोरं उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची. परतताना त्यानं मनाशी ठरवलं, करीन तर हिलाच. ती गाडी बंद पडली, रूळही उखडले, पण त्या दिवशीचं उषाचं हिरवं पोलकं त्याला अजून दिसतं.

लेक श्रुती जन्मली त्या साली उषानं मोरीजवळ एक संत्रा लावला. पौष आला, पाणी तुटलं, झाडं सुकू लागली, आणि ही बाई भांड्यांचं पाणी बकेटीत भरून त्या झाडाला घालू लागली.

"काय करून राहिली वं? ताण मोडते ना!"

"मोडू द्या. तीनशे झाडाईत एक झाड पोट भरून जेवलं तं काय बिघडते जी?"

एका पौषात गुणवंतानं चिडून बकेटच लपवली. त्या दिवशी उषा जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो विचारायला गेला तर म्हणते, "मी बी ताण घेतला. पाहू आता, कोण आधी फुलते!" गुणवंतानं मुकाट्यानं बकेट आणून दिली. पंचवीस वर्षं ते झाड हिरवंगार उभं राहिलं, आणि वर्षाला पाचदहा फळांवर त्यानं कधी मजल नेली नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत उषा गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी खेळ खलास.

महिना झाला नाही तोच हर्षल, त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, ते मोरीजवळचं झाड काढून टाकू. ट्रॅक्टर वळवाले जागा नाही." पोरगा वाईट नव्हता, पण हिशेबी. गुणवंता गयावया करत म्हणाला, "एक बहार थांब बावा." हर्षलनं मानलं. पण स्पष्ट सांगितलं, "यंदा नाही फुललं, तं होळीच्या आधी तोडतो."

पौषभर गुणवंता त्या झाडाकडे बघत राहिला. तोडतील की राखतील, एवढाच घोर. मोरी कोरडीच होती. सून भांडी आत नळाखाली घासायची. बागेसोबत त्या झाडाचीही पानं सुकली.

आणि माघात ते फुललं. असं फुललं, की पान दिसेना! मधमाश्यांनी नुसता कालवा केला. हर्षल ओरडतच आला, "बाबा, वाचलं तुमचं झाड! बाकीच्याईच्या वरताण फुललं!"

गुणवंता झाडाखाली गेला आणि त्याला रडूच कोसळलं. पोराला वाटलं, आनंदानं. पण गुणवंताला कळून चुकलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते झाड तहानलं होतं. त्याला पाजणारी राहिली नव्हती, म्हणून ते फुललं होतं.

कार्तिकात वर्षश्राद्धाच्या पानावर त्याच झाडाची फळं वाढली. सगळे म्हणाले, साखर आहे साखर. गुणवंतानं एक फोडही तोंडात घातली नाही.

यंदा पुन्हा पौष लागला. हर्षलनं मोटर बंद केली. दुसऱ्या सकाळी पाहतो तर बाप अंघोळीचं पाणी बकेटीत घेऊन हळूहळू मोरीकडे निघालेला.

"बाबा! काय करून राहिले? ताण मोडून राहिले ना तुम्ही! यंदा एक फूल नाही येणार!"

"नाही आलं तं नाही," गुणवंता म्हणाला. "तोडाचं असन तं तोड. पण उपाशी नको ठेवू. तीनशे झाडाईत एक झाड पोट भरून जेवलं तं काय बिघडते?"

हर्षलनं बापाच्या हातून बकेट घेतली, आत डोकावून पाहिलं आणि नळाकडे वळला.

"अर्धीच भरली तुम्ही," तो म्हणाला. "आई काठोकाठ भरून आणे."