भिंगरीची काच

गल्लीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. काचा कापायचं दुकान तिचं. दुकानात खुर्ची होती, पण तिच्यावर कायम काचांचे तुकडे बसलेले. चहा ती उभ्यानेच प्यायची, तोही अर्धा.

अशा बाईने पाळलं काय, तर शॅमेलिऑन. फांदीवर तासन्‌तास न हलणारा, रंग बदलणारा सरडा. "दुकानात कुणीतरी बूड टेकणारं हवं ना!" म्हणत तिने त्याचं नाव ठेवलं साहेब.

त्या सोमवारी साहेब फांदीवरून पडला. बुधवारी पुन्हा. पुढच्या पायांत पकडच राहिली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हाडं मऊ पडलीत. औषध देतो. पण अतिनील प्रकाश मिळाला नाही, तर हा महिना काढणार नाही."

"पिंजऱ्यावर ट्यूब आहे की! दिवसभर लख्ख असते."

"मग ती कमी पडतेय."

भिंगरीच्या पायांना चाकं लागली. दुकानाला कुलूप, काखेत पिंजऱ्यावरची ट्यूब, आणि थेट पाळीव प्राण्यांच्या सामानाचं दुकान. तिथल्या काकांनी 'या' म्हणायच्या आत तिने काउंटरवरचे खोके उलटेपालटे केले.

"सगळ्यात जोरदार कोणती?"

"ही. वाळवंटातल्या प्राण्यांची."

"द्या."

"ताई, श्वास घ्या जरा. हिने त्याचे डोळे जातील. त्याला मधलीच लागते. ती तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच नेलीत."

"मग तो पडतो का?"

काकांनी तिने आणलेली ट्यूब फिरवून पाहिली. "फांदीपासून किती वर लावलीय?"

"वीतभर."

"मध्ये जाळी?"

"जाळी कसली! वरून धूळ पडते. मी काच बसवलीय, स्वतः कापून. अशी नितळ, की आहे हे कळतसुद्धा नाही."

काकांनी ट्यूब हळूच खाली ठेवली.

"ताई, आपल्याला दिसतो तो उजेड काचेतून जातो. त्याला हवा तो काचेपाशीच अडतो."

तीस वर्षं ती काच विकत होती. काच लावा, ऊन घरात येईल, हे तिने किती गिऱ्हाइकांना छातीठोक सांगितलं होतं.

"म्हणजे मीच..."

"ट्यूब हीच राहू द्या. जाळी तेवढी न्या."

परत आल्यावर तिने काच काढली, जाळी ठोकली. टेपने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. मग रोज मोजू लागली. साहेब तळाशीच पडून. ती औषध भरवायची, काउंटरपर्यंत जायची, परत यायची. दिवसातून पन्नास फेऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी साहेबाने सर्वांत खालच्या फांदीला पाय लावला. पाय सुटला. पुन्हा लावला.

भिंगरीने खुर्चीवरचे काचांचे तुकडे उचलून जमिनीवर ठेवले. खुर्ची पिंजऱ्यापाशी ओढली आणि बसली.

"आरसा झाला का हो?" दारातून गिऱ्हाइकाने विचारलं. मग तिच्याकडे पाहून दचकलं. "बरं नाही का तुम्हाला?"

"हळू बोला. साहेब चढतोय."

साहेबाचा दुसरा पाय फांदीवर आला. बोटं मिटली. या वेळी सुटली नाहीत. तो डोकं ट्यूबकडे करून थांबला.

भिंगरी खुर्चीवरच होती. डावा पाय मात्र एकसारखा हलत होता.