विक्याची परवानगी

आमच्या वर्गात किस्से बाकाखालच्या च्युइंगमसारखे साचतात. रोज एक चिकटतो, काढायला कोण जात नाय! मी तर नववीत दुसऱ्यांदा बसलोय, म्हणजे माझ्याकडे डबल स्टॉक. पण ओमकारचे किस्से सांगायच्या आधी एक कबूल करतो. सुरुवात मीच केलेली.

*

ओमकार जूनमध्ये गावाहून मानपाड्याला राहायला आला. बोलताना अडखळतो. पहिल्या दिवशी सावंत बाईंनी नाव विचारलं, तर तो "ओ... ओ..." वर अडकला. मी मागून ओरडलो, "बाई, बफरिंग होतंय!"

अख्खा वर्ग फुटला. बाईंनी मला बाहेर काढलं, तर मी बाहेर पण हसत उभा! आठवड्याभरात त्याच्या बाकावर, बॅगेवर, वह्यांवर 'बफरिंग'. खरं नाव फक्त हजेरीत उरलं.

*

विक्या म्हणजे विक्रांत. वर्गातला सगळ्यात दांडगा, वर मॉनिटर. त्याने मधल्या सुट्टीसाठी नियम काढला. डबा उघडायच्या आधी ओमकारने विचारायचं, "विक्रांतदादा, मी खाऊ का?" एका दमात! अडखळला की परत पहिल्यापासून.

तीन दिवस मी जाम हसलो. चौथ्या दिवशी घंटा झाली आणि ओमकारने भरलेला डबा तसाच बॅगेत टाकला.

"घरी काय सांगतोस रे?"

"सां... सांगतो, भू... भूक नव्हती."

माझा वडापाव हातातच राहिला.

*

मग मी डोकं लावलं. विक्या आता ओमकारच्या डब्यातली एक चपाती पण रोज उचलायला लागलेला. मी ओमकारला सांगून वरच्या चपातीत ठेचा भरला. तीन चमचे! विक्याने अख्खी गुंडाळी तोंडात कोंबली. आम्ही दोघं श्वास रोखून बघतोय.

विक्या बोलला, "अजून आहे काय?"

कोल्हापूरचा निघाला ना!

*

शाळेत तक्रारपेटी आहे. मी चिठ्ठी टाकली, नाव न घालता. आता पेटी उघडून ज्या वर्गाची चिठ्ठी त्या वर्गाच्या बाईंना नेऊन द्यायची, हे काम कोणाकडे? मॉनिटरकडे!

विक्या थेट माझ्या बाकाशी आला. "नाव नाय घातलंस, हुशार आहेस. पण वर्गात हिरवं पेन दुसऱ्या कोणाकडे आहे रे?"

पाठीत दोन बुक्के बसले आणि दुसऱ्या दिवसापासून मला पण परवानगीचा नियम चालू. ओमकार पहिल्यांदा हसला. माझ्यावर! हसू दे, हक्क आहे त्याचा.

*

एक दिवस ओमकार बोलला, "उद्या आ... आई येतेय. दा... दाखल्याचा अर्ज घेऊन. मी गावी जा... जातो परत."

माझी टरकली. धावत सावंत बाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. नाव मी ठेवलेलं, ते पण. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"बरं. आणि मी वर्गात आले की डोक्यावर काय पडणार आहे? खडूची पूड? मागच्या वेळेसारखी?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, ते पण फुकट!

*

शाळा सुटल्यावर मी वर्गातल्या एकेकाला पकडलं. सगळ्यांचं एकच, "विक्याला कोण नडणार?" शेवटी पूजा बोलली, "नडायचं कशाला? परवानगी मागायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली. मी डबा घेऊन विक्यासमोर उभा राहिलो. "विक्रांतदादा, मी खाऊ का?"

"खा," विक्या राजासारखा बोलला.

माझ्यामागे पूजा. "विक्रांतदादा, मी खाऊ का?" तिच्यामागे रांग, पार फळ्यापर्यंत. सगळ्यांच्या हातात डबे. दहाव्याला विक्या वैतागला, "अरे खा ना बाबा!" विसाव्याला त्याचे कान लाल. उठावं तर रांग हलेना. त्याचा स्वतःचा डबा बंदच!

तेवढ्यात रांगेच्या शेवटून आवाज आला, "विक्रांत, मी खाऊ का रे?"

सावंत बाई! हातात त्यांचा डबा. बाजूला ओमकारची आई, हातात अर्ज.

विक्या खाली बघायला लागला. कोपऱ्यात एकटा ओमकार जेवत होता. डबा जवळजवळ रिकामा.

आई त्याच्याजवळ गेली. "ओम्या, अर्ज देऊ ना रे बाईंना?"

ओमकारने घास गिळला. "थां... थां... थांब, आई." वेळ लागला. कोण हसलं नाय. "आधी वि... विक्याला खाऊ दे. त्याचं रा... राहिलंय."