आईच्या कंबरेचं माप

मी ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा टॅक्सी खाली उभी होती आणि मी डोंबिवलीच्या घरात आईला चटईवर पालथं झोपवून तिच्या पोटाखाली बी.पी.ची पट्टी सरकवत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, निघायच्या वेळी कसली तपासणी?" पण मला खात्री हवी होती. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली, आईची कंबर दुखरी, आणि पाणी खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावर आणायचं. आतापर्यंत बादल्या मी चढवायचे.

नौपाड्याच्या एका क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते. कंबर सावरणारा पोटातला सगळ्यात आतला स्नायू काम करतो का, हे बघायची नवी रीत तिथेच शिकले. पोट आत ओढलं की पट्टीवरचा दाब कमी होतो, काटा उतरतो. आईचा काटा उतरला आणि मी दहा मोजेपर्यंत तिथेच राहिला. "झालं समाधान?" आई म्हणाली. "नीघ आता, शीळफाट्याला गाड्या अडकतात."

मेलबर्नच्या लॅबमध्ये माझं काम हेच होतं. एकाच पेशंटचं माप दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं आणि जुळतं का बघायचं. याला रिलायबिलिटी म्हणायचे, आणि ती पुष्कळदा हुलकावणी द्यायची. एक आजी कोपरांवर भार देऊन पोट हळूच उचलायच्या. काटा छान उतरायचा, स्नायू मात्र ढिम्म. हे कळल्यावर लॅबमधले सगळे हसले, मला हसता येईना. मी निघाले त्या दिवशी चटईवरून उठताना आईच्या कोपरांवर चटईचे लाल वळ होते. मी ते पाहिले होते. विचारलं नाही, कारण मला जायचंच होतं. तुमच्यापैकी कुणी असं निघून आलं असेल, तर ही चोरी ओळखीची वाटेल.

रविवारी फोनवर तिला सरळ विचारलं. ती जराही ओशाळली नाही. "मग काय, बादल्या उचलायला तुला ठेवून घेऊ? माझं सोड. तू जेवतेस ना वेळेवर? मैत्रिणी झाल्या का?"

ओट्यावर सकाळचा अर्धा ब्रेड तसाच पडला होता. आठवडाभर माझ्याशी कुणी मराठीत एक शब्द बोललं नव्हतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"हो गं, खूप झाल्या," मी म्हणाले.

घर म्हटलं की आता मला हे फोनच आठवतात. ती तिकडे बरी असते, मी इकडे मजेत असते, आणि रिसीव्हर ठेवायला दोघींनाही वेळ लागतो.