सहा वाजून दहा मिनिटांचा चहा

ऑफिसात त्याला सगळे नळवाला म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, डेटा इंजिनियर म्हणजे तुम्ही नेमकं करता काय? तर हा म्हणाला, छतावर आपली सौर पॅनेल असलेल्या चाळीस हजार घरांतून दर मिनिटाला आकडे निघतात, ते न गळता, न तुंबता इथपर्यंत पोचले पाहिजेत, तेवढं बघतो. म्हणजे प्लंबरच की, ती म्हणाली. झालं. तेव्हापासून जो उठेल तो त्याच्या टेबलाशी येऊन आधी पाण्याची चौकशी करायचा आणि मग कामाचं बोलायचा.

काम तसं बिनबोभाट चालायचं. कुठल्या घरात किती वीज तयार झाली, किती बॅटरीत साठली, किती वापरली गेली, याचे आलेख निघायचे आणि त्यावरून पुढच्या तासांचा अंदाज. पंचाईत एकच होती. घरं मधूनच गप्प होतात. कुणाचं इंटरनेट जातं, कुणी झाडताना वायर ओढतं, कुणाचं मांजर आकडे पाठवणाऱ्या पेटीवर बसतं. आलेखात भोक पडलं की अंदाज कोसळायचा, अंदाज कोसळला की साहेबांना वरून फोन यायचा, आणि साहेब ते सगळं खाली पोचवायला अजिबात उशीर करायचे नाहीत.

म्हणून तीन वर्षांपूर्वी नळवाल्याने एक नियम लिहिला. घर गप्प झालं, तर मागच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी जे आकडे आले होते तेच भरायचे. भोकं बुजली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. भरलेल्या आकड्यांवर काहीतरी खूण ठेवायला हवी, म्हणजे खरे कुठले आणि भरलेले कुठले ते बघणाऱ्याला कळेल, असं त्याने वहीत लिहूनही ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात करू म्हणाला. ऑफिसातला पुढचा आठवडा म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

त्याची आई दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी त्याने तिच्या छतावरही पॅनेल बसवून घेतली आणि घरात ती आकडे पाठवणारी पेटी लावली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आईच्या घरचा आलेख टुणकन वर उडी मारतो आणि चार मिनिटांत खाली येतो. विजेची किटली. त्याने परगावी राहणाऱ्या ताईला मेसेज केला, आईचा चहा झाला. ताईने अंगठा पाठवला. मग हे रोजचंच झालं. चहा झाला, अंगठा. आधी दोघं एक दिवसाआड आईला फोन करायची, ते रविवारवर आलं, मग रविवारही कधी कधी राहून जायला लागला. दोघंही मायाळू होती, त्यात शंका नाही. पण आई ठीक आहे हे फुकटात कळायला लागल्यावर विचारायचे कष्ट कोण घेतो? आईला मात्र याचं भारी कौतुक. माझा मुलगा मला ऑफिसातून बघतो, सकाळी किटली लावली तरी त्याला दिसतं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

सोमवारी संध्याकाळी आई घरातल्या बोळात पडली. पडताना आधाराला म्हणून तिने जे धरलं ती पेटीची वायर होती. वायर हातात आली आणि घर गप्प झालं.

मंगळवारी सकाळी सहा दहाला आलेखाने उडी मारली. नळवाल्याने दात घासता घासता लिहिलं, चहा झाला. अंगठा आला. बुधवारी पुन्हा तेच. बुधवारी दहा वाजता शेजारच्या बाईंचा फोन आला. कचऱ्याचा डबा दोन दिवस बाहेरच आहे म्हणून त्यांनी खिडकीतून डोकावलं होतं.

एकोणचाळीस तास आई फरशीवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. पायपुसणं ओढून तिने अंगावर घेतलं होतं.

पुढचं सगळं त्याने व्यवस्थित केलं. फॉर्म भरले, सह्या केल्या, डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं सांगितली, उपाहारगृहात रांगेत उभं राहून सँडविच घेतलं आणि ते संपवलंही. त्याला काहीच वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. आपण रडायला हवं, असा विचार त्याच्या मनात एकदा आला, आणि ऑफिसातून आलेल्या एका मेलला उत्तर देताना तो निघूनही गेला.

ऑपरेशन बुधवारीच झालं. गुरुवारी सकाळी तो आईच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसला होता. सवयीने फोन हातात आला. सहा दहा झाले आणि आलेखाने उडी मारली. घराला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात होती, आणि तिकडे चार मिनिटं पाणी उकळून थांबलं. तो बघत राहिला. नियम त्यानेच लिहिला होता, त्यामुळे आश्चर्य वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आई जागी झाली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. तिने आधी विचारलं, तू जेवलास का. मग म्हणाली, शेजारच्या बाईंची उगाच धावपळ झाली. नळवाल्याने तिला विचारलं, की भिंतीपलीकडे माणसं असताना तू हाक का नाही मारलीस.

"कशाला ओरडायचं?" आई म्हणाली. "म्हटलं, सकाळी किटली लागली नाही की तुला दिसेलच. तू येशील." मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "कामात असशील. निघायला जमलं नसेल. मी काही मनात धरलेलं नाही."

म्हणजे आईच्या हिशेबात त्याने बघितलं होतं आणि तो आला नव्हता. दोन सकाळी त्याला दिसलं, की आईची किटली लागली नाही, आणि तरी तो कामाला गेला. आणि हे तिने माफही करून टाकलं होतं. तो गप्प राहिला असता तर हे असंच राहिलं असतं, आईने पुन्हा हा विषय काढला नसता. खरं सांगितलं तर ऑफिसातून बघणारा मुलगा, ज्याच्या भरवशावर ती एकटी निवांत झोपायची, तोच जाणार होता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. नर्स येऊन सलाइनची बाटली बदलून गेली.

"आई, मला दिसलं नाही," तो म्हणाला. मग त्याने एकेक करून सगळं सांगितलं. वायर निघाल्यावर पेटी कशी गप्प झाली, गप्प घराच्या जागी मागच्या आठवड्याचे आकडे कसे भरले जातात, तो नियम कुणी लिहिला, खूण ठेवायची कुणाची राहिली. सगळं एकाच सुरात, साहेबांना अहवाल द्यावा तसं. "तू खाली पडलेली होतीस आणि मी ताईला कळवत होतो, की आईचा चहा झाला. दोन्ही दिवस. तो चहा मीच केलेला होता. तुझा नव्हताच."

आईने उशीवर मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं नसावं असं त्याला वाटलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागणार होता.

"चहा?" आई म्हणाली. "अरे, चहा मी केव्हाच सोडला. पित्त होतं. तू आलास की तुझ्याबरोबर घेते अर्धा कप, तेवढाच."

"मग रोज सकाळची किटली?"

"ते गुडघ्याला. पिशवीत गरम पाणी भरून शेकते. त्याशिवाय सकाळी उभंच राहता येत नाही मला."

त्याने हातातला फोन पालथा करून पलंगावर ठेवला. रोज सकाळी ताईला पाठवलेला एकेक मेसेज त्याला दिसायला लागला, आणि बुधवारपासून पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी हललं.

"कधीपासून दुखतंय?" त्याने विचारलं.

आईने जरा आठवल्यासारखं केलं. "तू ती पेटी बसवायला माणसं घेऊन आलास ना," ती म्हणाली, "तेव्हाही मी शेकतच बसले होते. तू वर छतावर होतास."