तीनबोट्यांनी दोर कापला

वादळात उघडी पडलेली छपरं ताडपत्रीनं झाकून देणाऱ्या माणसाला आमच्याकडे सगळे तीनबोटे म्हणतात. पूर्वी ते मालट्रकवर ताडपत्र्या आवळायचे. तिथं एकदा दोर हाताला गुंडाळला आणि वाऱ्याच्या झटक्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. माणूस फटकळ. देवाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, शिव्या मात्र भरपूर.

परवाच्या वादळानं आमचे पत्रे उडवले. वासा सासूबाईंच्या मांडीवर पडून हाड मोडलं. रस्त्यात झाडं आडवी, गाडी येईना. डॉक्टर चालत आले, पायाला फळी बांधून बजावून गेले, "हलवू नका आणि भिजू देऊ नका. छातीत कफ झाला तर या वयात झेपणार नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वादळ येणार होतं.

तीनबोटे त्या सकाळी आले, तोवर धाकट्या भावजींनी ताडपत्री पसरून वर विटा रचल्या होत्या.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं. का?"

"आईच्या डोक्यात वीट घालायची तर खालूनच घालायची. एवढं वर कशाला चढलात?"

त्यांनी एकेक वीट अंगणात भिरकावली. भावजींनी त्यांची कॉलर धरून तोंडावर ठोसा मारला. तीनबोटे रक्त थुंकले. "झालं समाधान? आता पट्टी धरा."

ताडपत्रीची कड लाकडी पट्टीला गुंडाळायची, पट्टी वाशावर ठोकायची, आणि कापड आढ्यावरून पलीकडच्या उतारावर न्यायचं, म्हणजे वारा खाली शिरत नाही, ही त्यांची रीत. एक बाजू ठोकून झाली आणि वारा वेळेआधीच आला. मी शिडीवरून पट्ट्या देत होते, मोकळ्या कडेचा दोर भावजींच्या हातात होता. ताडपत्री फाडकन फुगली.

"दोर सोडा!" तीनबोटे गरजले.

भावजींनी उलट मनगटाला दोन वेढे घेतले. वाऱ्यानं त्यांना वाशांवरून पालथं फरफटत कडेला नेलं. खिळ्यांनी छाती फाटली. तीनबोट्यांनी त्यांच्या पाठीवर गुडघा रोवला आणि सुरीनं दोर कापला. ताडपत्री ठोकलेल्या पट्ट्या उपसून विजेच्या तारांवरून गेली.

"आई भिजेल!" भावजी ओरडले. मनगटाची कातडी लोंबत होती.

"तुम्ही मेलात तर कोरडी राहील का?"

तीनबोटे वाशांमधून थेट खोलीत उतरले. त्यांच्याजवळ हत्यारं गुंडाळायचं जुनं ताडपत्रीचं कापड होतं, ते त्यांनी खाटेवर तिरकं ताणलं. दोन कोपरे खिडकीच्या गजांना बांधले, तिसरा कपाटाला. चौथ्याला बांधायला काही नव्हतं, तो स्वतः धरून उभे राहिले. मी आत धावले आणि देवाचं नाव घेत मधून काठीनं कापड उचलून धरलं. वरून पाऊस, फांद्या, शेजारच्या कौलांचे तुकडे आदळत होते. एका पत्र्याच्या तुकड्यानं त्यांचा कान चिरला. त्यांनी कोपरा सोडला नाही.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "कोण रे तो सारखा शिव्या देतोय?"

"मी, आजी. वाऱ्याला देतोय."

"मग जोरात दे. त्याला ऐकू येत नाहीये."

तासाभरानं भावजी धड हात पुढे करून आले, म्हणाले, "काका, आता मी धरतो." तीनबोट्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि कोपरा दिला.

वारा पडला तेव्हा मी आधी सासूबाईंच्या छातीवर हात फिरवला. पायाकडची गोधडी ओलीचिंब, छाती कोरडी. देवाला हात जोडले आणि त्यांचा पाय बघायला वळले, तर त्या खेकसल्या,

"त्याच्या कानाला आधी चिंधी बांध. माझा पाय कुठे पळून चाललाय?"